गोल टेबलावरचा बहिष्कार

मामा-मामी भारतातून आले आहेत म्हणून मागच्या रविवारी आम्ही सगळे चायनीज जेवायला गेलो. न्यू जर्सीतलं छोटं, घरच्याच माणसांनी चालवलेलं रेस्टॉरंट. आजोबा गल्ल्यावर, मुलगा-सून आत शेगडीपाशी, नात मागच्या टेबलावर गृहपाठ करत बसलेली. मामांनी मेनू उघडलाच नाही. "तुम्ही मागवा. यांच्या गल्ल्यात माझा पैसा नको."

मामा सैन्यात होते, तीन वर्षं सिक्कीमच्या सीमेवर. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, तेव्हा दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता, असं मामी सांगते. हा राग टीव्ही बघून आलेला नाही. त्याच महिन्यात केंद्राने ५९ चिनी ॲप बंद केली आणि मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज विकणारी हॉटेलं बंद करा असं म्हटलं. आमच्या नातेवाइकांत हा वाद अजून धुमसतो आहे.

ॲपबंदी मला पटली होती. चिनी फोन घ्यायचा नाही असं मामांनी ठरवलंय, तेही पटतं. पण हॉटेलं? आपल्याकडे चायनीजची गाडी लावतो तो आपलाच पोरगा. मंचुरियनचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते नेल्सन वाँग कोलकात्यात जन्मले आणि १९७५ च्या सुमारास त्यांनी तो पदार्थ केला मुंबईत. ती गाडी बंद पडली तर बीजिंगचं काय बिघडणार?

इथे राहून मला हा प्रश्न जास्त टोचतो. अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं, ते १९४३ पर्यंत. १९१५ नंतर रेस्टॉरंटच्या मालकाला व्यापारी म्हणून सवलत मिळू लागली, म्हणून कितीतरी कुटुंबं या धंद्यात आली. आपल्यालाही १९१७ च्या कायद्याने असंच बाहेर ठेवलं होतं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर भारतीयांपुरतं.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? १९८७ मध्ये इथल्याच जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळीने भारतीयांना हुसकावून लावायची धमकी दिली होती. डॉट म्हणजे आपली टिकली. शेजारच्या होबोकेनमध्ये त्याच वर्षी एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला. त्या काळी इथे राहणाऱ्या ओळखीच्या एक काकू सांगतात, बाजारात जाताना त्या टिकली काढून पर्समध्ये ठेवायच्या. चेहरा बघून हिशेब मागणारी माणसं काय करतात हे आपण भोगलंय. मग तोच हिशेब मी गल्ल्यावरच्या या आजोबांकडे कुठल्या तोंडाने मागू?

हे सगळं मी मामांना एका दमात सांगितलं, जरा जास्तच जोरात. आई डोळ्यांनी खुणावत होती. मामा म्हणाले, "लढाई तुम्ही बघितलेली नाही, म्हणून बोलता." ते खरंच आहे. तरी मी देवळीचं सांगितलं, राजस्थानातलं. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सरकारने सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना तिथल्या छावणीत डांबलं. आसाम, बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं, पोराबाळांसकट. काही जण पुढे कित्येक वर्षं सुटले नाहीत.

मामा बराच वेळ गप्प बसले. वाफवलेला अख्खा मासा आला, टेबलावरची काच फिरत फिरत त्यांच्यासमोर थांबली.

"तेव्हा मी शाळेत होतो," ते म्हणाले. "तुझ्या आजीने पाटल्या काढून संरक्षण निधीला दिल्या, ते आठवतं. या छावणीचं कोणी सांगितलं नाही आम्हाला."

मासा त्यांनी घेतला नाही. पण किटलीतला चहा संपला होता. नात वही मिटून ती भरायला आली, तेव्हा मामांनी तिला विचारलं, कितवीत आहेस गं, आणि मला म्हणाले, "सांग तिला इंग्रजीत."