अ‍ॅसिडविक्रीचा कायदा निरुपयोगी नाही, तो पाळलाच जात नाही

अ‍ॅसिडहल्ल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘२०१३ पासून अ‍ॅसिडविक्रीवर बंदी आहे, तरी हल्ले होतातच. ज्याला करायचंय तो कुठूनही मिळवतो. विक्रीवरचे नियम फुकट, फक्त शिक्षा कडक करा.’

मुळात सरसकट बंदी नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी विक्रीला अटी घातल्या. दुकानदाराने नोंदवही ठेवायची, त्यात गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता, किती अ‍ॅसिड नेलं आणि कशासाठी, हे लिहायचं. सरकारी फोटो ओळखपत्र बघायचं. १८ वर्षांखालच्या कुणाला द्यायचं नाही. साठा प्रांतांना (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना) कळवायचा. मोडल्यास ५० हजारांपर्यंत दंड. आता आपल्या गल्लीत बघा: सायकलला कॅन अडकवून ‘फिनेल, अ‍ॅसिड’ ओरडत फिरणारा विक्रेता पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, लेबलाशिवाय ओतून देतो. वही कुठली आणि ओळखपत्र कुठलं? जे कधी राबवलंच नाही ते फसलं असं कसं म्हणायचं?

‘कुठूनही मिळवतो’ याला बांगलादेशचं उत्तर आहे. तिथे २००२ मध्ये दोन कायदे झाले, एक शिक्षेचा आणि दुसरा आयातीपासून विक्रीपर्यंत परवाना सक्तीचा करणारा. त्या वर्षी जवळपास ५०० हल्ले झाले होते, दहा वर्षांत ते शंभराच्या आत आले. श्रेय एकट्या परवान्याचं नाही, पीडितांसाठी लढणाऱ्या संस्थांचंही आहे. पण विक्री मोकळी सोडून हे झालेलं नाही.

राहिली शिक्षा. ती २०१३ पासूनच कडक आहे: किमान १० वर्षं, कमाल जन्मठेप. हास्यास्पद शिक्षा आहे ती विक्रीच्या बाजूला. न्यायालयाने सांगितलेला ५० हजारांचा दंड सोडला, तर अ‍ॅसिडविक्रीला लागू होणाऱ्या १९१९ च्या विष अधिनियमात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, फार तर दोन्ही!

शिवाय शिक्षा द्यायला आरोपी सापडावा लागतो. मे २०१३ मध्ये वांद्रे टर्मिनसवर एका तरुण नर्सवर हल्ला झाला, महिन्याभरात ती गेली. आधी भलत्यालाच अटक झाली, खरा आरोपी जानेवारी २०१४ मध्ये हाती लागला. अशा तपासात विक्रीची नोंद हा पोलिसांना मोठा धागा असतो.

डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत द्वारकेला शाळकरी मुलीवर फेकलेलं अ‍ॅसिड ऑनलाइन मागवलेलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. दुकानाला असलेली ओळखपत्राची अट घरपोच पार्सललाही तितक्याच काटेकोरपणे लावली पाहिजे.