बूट टाकल्याने गुडघे आपोआप बरे होत नाहीत

'धावणाऱ्यांची सगळी दुखणी बुटांनी दिली आहेत. अबेबे बिकिला अनवाणी धावून ऑलिंपिक जिंकला, हार्वर्डनेही हे सिद्ध केले आहे, तेव्हा सर्व वयाच्या, सर्व आजारांच्या लोकांनी उद्यापासून बूट टाकावेत, गुडघे आपोआप बरे होतील,' असा मजकूर धावणाऱ्यांमध्ये वरचेवर फिरतो. अनवाणी धावण्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो 'उद्यापासून' आणि 'आपोआप' या दोन शब्दांना.

बिकिलाने १९६० साली रोमची मॅरेथॉन अनवाणी, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली, हे खरेच आहे. पण १९६४ मध्ये टोकियोत तो बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंद ही तोवरची जगातील सर्वोत्तम वेळ त्याने नोंदवली. त्याच्या नावाने बूट टाकायला सांगणाऱ्यांनी टोकियो गाळू नये.

हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा अभ्यास २०१० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. सवयीने अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि टाचेवर आदळताना बसणारा पहिला झटका त्यांना जवळजवळ बसत नाही, असे त्यात दिसले. मात्र मोजला गेला तो झटका. दुखापती कमी होतात का, हे त्या अभ्यासाने तपासलेच नव्हते. शिवाय गुडघ्यावरचा भार हलका झाला, तरी तो नाहीसा होत नाही: पोटरी, टाचेमागची शीर आणि चवड्याची बारीक हाडे तो उचलतात. बूट काढले की पाऊल आपसूक चवड्यावर पडते, हेही खरे नाही. उत्तर केनियातील दासनच लोक जन्मभर अनवाणी वावरतात, तरी नेहमीच्या संथ वेगात त्यांच्यातील बहुतेक जण टाचेवरच उतरतात, असे २०१३ मध्ये आढळले.

त्याच वर्षीच्या अमेरिकेतील एका अभ्यासात अनवाणीसारख्या पातळ पादत्राणांकडे १० आठवड्यांत वळलेल्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत एमआरआयमध्ये वाढलेली सूज दिसली. हे माझ्याही पायावर बेतले आहे. अनवाणी धावू लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात दम उत्तम होता, पोटऱ्याही सैलावल्या होत्या, म्हणून डांबरी रस्त्यावर एकदम सहा किलोमीटर धावलो. दुसऱ्या दिवशी उजव्या पावलावर, दुसऱ्या बोटाच्या मागे रुपयाएवढ्या जागी अंगठा दाबला की डोळ्यांत पाणी येई. हाडाला बारीक चीर गेली होती. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला महिने लागतात, आणि तयार नसलेले हाड आधी काहीच सांगत नाही. आता मी नेहमीचे धावणे संपल्यावर पाच-दहा मिनिटे मैदानावर अनवाणी धावतो, एक दिवस सोडून, आणि हाडावर दुखले की थांबतो.

त्या मजकुरातील 'सर्व वयाच्या, सर्व आजारांच्या लोकांनी' हे शब्द मात्र मला सर्वांत घातक वाटतात. मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्यांना डॉक्टर घरातसुद्धा चप्पल घालायला सांगतात, कारण रुतलेली काच त्यांना दुखत नाही. मोज्यावर रक्त दिसते, तेव्हा ती कळते.