जायचं कुठे ते सगळ्यात शेवटी ठरवा

परवा ऑफिसात एका कलीगने विचारलं, जुलैत तीन रात्री मोकळ्या मिळतायत, कुठेतरी मस्त जंगलात जाऊ म्हणतोय, कुठे जाऊ? म्हटलं बघायचंय काय तुला? तर म्हणे नेचर. आणि मोबाईल काढून लिस्ट दाखवली, वायनाड, दांडेली, अंदमान, बाली (हो, बाली, तीन रात्रींत), आगुंबे आणि एकदम खाली आंबोली, म्हणजे बाकी काहीच जमलं नाही तर. त्याला कॅन्टीनमध्ये सांगायला लागले आणि लंच संपला, म्हणून इथे लिहितेय. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

पहिल्यांदा माझी फजिती ऐका, म्हणजे मी ज्ञान पाजळतेय असं वाटायला नको. काही वर्षांपूर्वी मी, नवरा आणि लेक असेच तीन रात्रींसाठी वायनाडला निघालो. पुण्याहून बंगळुरूपर्यंत विमान, तिथून टॅक्सी, कागदावर एकदम सोप्पं. विमान तीन तास लेट. म्हैसूर मागे पडेपर्यंत रात्र झालेली, आणि गुंडलुपेटला ड्रायव्हर शांतपणे म्हणाला मॅडम आता सकाळीच. का? तर बंडीपूरच्या जंगलातून जाणारा तो रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. जनावरं गाड्यांखाली मरतात म्हणून बंद, नियम बरेच वर्षांपासूनचा आहे आणि चांगलाच आहे, पण आम्हाला माहीत नव्हता, कारण आम्ही वायनाडच्या रील्स पन्नास बघितल्या होत्या आणि रस्ता एकदाही नीट बघितला नव्हता. पहिली रात्र लॉजवर गेली. दुसऱ्या दिवशी पोचलो, जेवलो, आडवे झालो ते संध्याकाळीच उठलो. तिसऱ्या दिवशी एडक्कलच्या गुहा बघू म्हटलं तर तो निघाला सोमवार, सोमवारी गुहा बंद. चौथ्या दिवशी परत. लेकीला आजही वायनाड म्हटलं की त्या लॉजवरच्या उशीचा खोबरेल तेलाचा वास आठवतो, बिचाऱ्या वायनाडचा यात काय दोष.

तेव्हापासून मी आधी तास मोजते. तीन रात्री म्हणजे ७२ तास, त्यातली झोप काढा, जेवणखाण काढा, उरतात फार तर चाळीस, आणि त्यातले पंचवीस तुम्ही हायवेला नि विमानतळाला दिलेत तर जंगलाला काय देणार? आमच्या घरात आता नियम आहे, दाराला कुलूप लावल्यापासून आठ तासांत बूट चिखलात पाहिजेत. बाली या नियमात बसत नाही, संपला विषय. खरं तर जुलैत तिकडे कोरडा सीझन असतो, विषुववृत्ताच्या खाली आहे ना ते, हवा छान असेल, पण हफ्ताभर सुट्टी असेल तेव्हा जा. अंदमानलाही मन मोठं करून वेळ द्यावा लागतो, आणि ऐन पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात, मग बसा हॉटेलात.

तास मोजून झाले की महिना बघायचा. ही गोष्ट लोक इतकी विसरतात की मला कमाल वाटते. दांडेली घ्या, काळी नदीच्या काठाने धनेश बघायला याच्यासारखी जागा नाही, चार जातींचे धनेश आहेत तिथे, त्यातला मोठा, ज्याला आपल्या सिंधुदुर्गात माडगरुड म्हणतात, तो डोक्यावरून गेला की पंखांचा असा आवाज येतो की जुनं इंजिन धापा टाकतंय. पण ते थंडी-उन्हाळ्यात. पावसात अभयारण्यांच्या सफारी बहुतेक ठिकाणी बंद असतात आणि राफ्टिंगही बंद, मग जुलैत तिथे जाऊन रिसॉर्टच्या खोलीत पत्ते खेळायचे का? केरळातलं थट्टेकाड तसंच. सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य, १९८३ साली झालेलं, अवघं २५ चौरस किलोमीटर, म्हणजे नकाशावर ठिपका, पण तिथे फ्रॉगमाऊथ नावाचा पक्षी दिवसाढवळ्या वाळक्या पानासारखा फांदीवर बसून असतो आणि गाईडने बोट दाखवूनही आपल्याला दोन मिनिटं दिसत नाही. कोचीला उतरलं की दोनेक तासात पोचता, माझ्या आठ तासांत आरामात बसतं. डिसेंबर-जानेवारीत डोळे झाकून जा, मी तर परत जाणार.

कर्नाटकातल्या आगुंबेबद्दल माझं मन नेहमी डळमळतं. नागराजाचं, म्हणजे किंग कोब्राचं गाव, सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकरांनी २००५ साली तिथे रेनफॉरेस्ट रिसर्च स्टेशन काढलं, पाऊस असा की छत्री म्हणजे नुसती शोभा. पण पुण्याहून आख्खा दिवस जातो. आमची बहीण बंगळुरूला असते, तिला मी नेहमी सांगते रात्रीच्या ट्रेनने शिमोग्याला जा, पुढे गाडी कर, तुमच्यासाठी हेच बेस्ट. म्हणजे आगुंबे चांगलं की आंबोली चांगलं हा प्रश्नच चुकीचा आहे, तुम्ही निघताय कुठून ते आधी सांगा.

तर पुणेकरांनो, कोल्हापूरकरांनो आणि बेळगावकरांनो, जुलैत आंबोली. त्या लिस्टच्या तळाशी पडलेली तीच.

माहितीये मला, आंबोली म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं. मेन धबधबा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, शर्ट काढून नाचणारी पोरं, मॅगी, कणसं आणि स्पीकर. शनिवार-रविवारी ते तसंच आहे, खोटं कशाला बोलू. पण तो धबधबा म्हणजे आंबोली नव्हे, आणि मंगळवारी तो धबधबासुद्धा वेगळाच असतो. आम्ही गेल्या वेळी सोमवार ते गुरुवार गेलो. पहाटे पाचला निघालो, निपाणी, आजरा करत एकच्या सुमाराला पोचलो, गरम भात-कुळथाची पिठी खाल्ली आणि नवऱ्याने विचारलं आता काय बघायचं? मी म्हटलं काहीच नाही, अंधार पडू दे.

कारण पावसाळ्यातली आंबोली ही रात्रीची जागा आहे. अंगणात चिक्कार बेडूक ओरडत होते, पण मोठा दिवा लागलेला त्यामुळे पलीकडचं काही दिसेना. घरमालक काका बाहेर आले, म्हणाले, "लाईट बंद करूक व्हयी, मगे दिसतत." बंद केला. दहा मिनिटं नुसता काळोख आणि आवाज. मग टॉर्च लावून पाण्याच्या टाकीकडे गेलो तर वरच्या फांदीवर मलबार ग्लायडिंग फ्रॉग, पोपटी हिरवा, बोटांमधले पडदे नारिंगी, आणि शेजारच्या पानाला फेसाचा गोळा लटकलेला. ते त्यांचं घरटं. अंडी त्या फेसात, खाली पाणी, पिल्लं मोठी झाली की टपकन पाण्यात. लेक अर्धा तास एका जागी उभी होती, जी घरी जेवताना पाच मिनिटं बसत नाही. पुढे कुंपणाजवळ मलबारी चापडा नावाचा साप, फांदीला वेटोळं घालून, इतका निवांत की काकांनी दाखवला नसता तर मी हात टेकवला असता तिथे. विषारी आहे तो, म्हणून रात्री कुणीतरी माहितगार बरोबर हवाच, यात शहाणपणा करायचा नाही.

आणि एक प्राणी असा आहे ज्याच्यासाठी कधीतरी मी जूनमध्येच जाणार. आंबोली टोड नावाचा बेडूक. अंगावर वाघासारखे पिवळे-काळे पट्टे, २००९ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं, आणि जगात फक्त याच भागात सापडतो, बास. पहिल्या पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, डबकी साचली की थोडेच दिवस यांची लग्नसराई, मग आटोपलं. रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात. म्हणून सांगते, रात्री आंबोलीत गाडी फिरवू नका, आणि फोटोसाठी बेडूक हातात घेऊ नका. त्यांची कातडी श्वास घेते, आपल्या हाताला मीठ असतं, सॅनिटायझर असतं, ओडोमॉस असतं. एक ग्रुप बघितला, फोटोग्राफर मंडळी, बेडूक उचलून "चांगल्या" पानावर ठेवत होते. मी भांडले. नवरा म्हणाला सुट्टीवर पण भांडण का, म्हटलं हो, सुट्टीवर पण.

दिवसा हिरण्यकेशीला जा. गुहेतून नदी निघते, देऊळ आहे, आणि तिथल्या पाण्यात एक छोटासा सोनेरी झाक असलेला मासा आहे जो २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला, मग २०२१ मध्ये ती जागा राज्य सरकारने जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मला गंमत वेगळीच वाटते, उभे आहोत कोकणाच्या कड्यावर, अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि हे पाणी मात्र पाठ फिरवून घटप्रभेत, तिथून कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात. कावळेसादला वारा दरीतलं पाणी उलटं वर फेकतो, तेही बघा, पण रेलिंगच्या अलीकडून. दरवर्षी बातम्या वाचतो ना आपण.

बुकिंग करताना मी एसी आहे का, स्विमिंग पूल आहे का हे विचारतच नाही. रात्री बाहेरचे दिवे बंद करता का, हे विचारते. आणि घराच्या मागे डोंगर कापलाय का, हे. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये मुंडक्कई-चूरलमला भागात रात्रीत दरडी कोसळून काय झालं ते बघितल्यापासून पावसाळ्यात डोंगर कापून बांधलेल्या "व्हॅली व्ह्यू" खोलीत मला झोपच लागणार नाही. रेड अलर्ट आला तर बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील, घाटात जायचं नाही.

कुणीतरी कमेंटमध्ये तिलारी म्हणणारच. तिलारी फार सुंदर आहे, माझंही लाडकं, पण ते ज्या दोडामार्ग पट्ट्यात आहे तिथे २०१६ पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, गोचिडांमुळे होतो तो, आणि साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. त्या महिन्यांत जाणार असाल तर आधी गावात चौकशी करा, पूर्ण अंग झाका, पाचोळ्यात बसू नका.

या वर्षी पुन्हा जुलैतच, आंबोलीजवळच्या चौकुळ साइडला, तीन रात्री, मधला वार. सासूबाई पण येतायत, त्यांचं एकच म्हणणं, बेडूक आपल्या गच्चीच्या टाकीपाशी पण ओरडतात की. नवऱ्याला टीव्ही नाही याचं दुःख आहे. आणि जळवांसाठी लीच सॉक्स तीन जोड आहेत, चौथा हवाय, सासूबाईंच्या मापाचा, छोटा. चिंचवड-आकुर्डी भागात कुणाकडे पडून असेल तर इनबॉक्स करा, धुवून परत देईन.