"काही होत नाही, झोपा आता"

भूकंपाचा धक्का बसून गेला की पाच मिनिटांत दोन जातीची माणसं बोलायला लागतात. पहिली म्हणजे "मला तर काहीच कळलं नाही" वाली. त्यांच्याशी माझं भांडण नाही. तळमजल्यावर चालत असणाऱ्याला खरंच काही कळत नाही आणि त्याच इमारतीत वर अंथरुणावर पडलेल्याला पंखा झुलताना दिसतो. माझं भांडण दुसऱ्या जातीशी आहे, "काही होत नाही हो, घाबरायचं काय त्यात" वाल्यांशी.

ज्याने अनुभवलेलं नाही त्याला वाटतं, जमीन हलली की माणसाला लगेच कळतं भूकंप झाला म्हणून. नाही कळत. मला आधी वाटलं रस्त्यावरून जड ट्रक गेला. मग वाटलं मलाच चक्कर येतेय. भांडी वाजायला लागली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, आणि तोवर अर्धा भूकंप होऊनही गेला होता. वेगाने येणाऱ्या पहिल्या लहरी नुसता ठोका देतात किंवा गुरगुरतात; आडवं गदगदा हलवणाऱ्या लहरी मागून येतात. केंद्र जवळ असेल तर या दोन्हींमध्ये एखाद-दोन सेकंदच मिळतात. तेवढ्यात कसला आलाय विचार!

आणि खरा त्रास नंतर सुरू होतो. कित्येक दिवस बसल्या जागी हलल्यासारखं वाटायचं. मी दिवसातून कितीदा तरी पेल्यातल्या पाण्याकडे बघून खात्री करून घ्यायचे. घरच्यांना वाटायचं, हिने फारच मनाला लावून घेतलंय. पण २०११च्या भूकंपानंतर जपानमध्ये असंख्य लोकांनी अगदी हीच तक्रार केली होती, जमीन स्थिर असताना हलल्याचा भास आणि चक्कर. तोल सांभाळणारी शरीरातली यंत्रणाच काही काळ गोंधळते. त्याला भित्रेपणा म्हणणं हा अडाणीपणा आहे.

धीर देणाऱ्यांचं आवडतं शास्त्रही असतं: "लहान लहान धक्के बसतायत ना, चांगलंय, आतली शक्ती निघून जाते." साफ चूक. भूकंपाच्या मापनात एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ रिश्टरच्या एका भूकंपाची ऊर्जा ४च्या धक्क्यांनी बाहेर काढायची तर असे हजारभर धक्के लागतील.

या एका वाक्याची किंमत इटलीतल्या लाक्विला शहराने मोजली आहे. २००९ साली तिथे कित्येक महिने बारीक हादरे बसत होते. असा हादरा बसला की रात्र घराबाहेर काढायची, ही तिथल्या जुन्या माणसांची सवय. मार्चअखेरीस एका सरकारी अधिकाऱ्याने दूरदर्शनवर सांगितलं, ऊर्जा बाहेर पडतेय, हे चांगलंच लक्षण आहे. ६ एप्रिलला पहाटे साडेतीनच्या सुमारास मोठा भूकंप झाला. त्या रात्री आधी हादरे बसूनही बरेच लोक घरातच थांबले होते. तीनशेहून अधिक माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. शास्त्रज्ञ सुटले ते योग्यच झालं असं माझं मत. भूकंपाची वेळ आधी सांगणं आज कुणालाच जमत नाही. पण ज्याला "येणार" म्हणता येत नाही, त्याला "येणार नाही" असं तरी कसं म्हणता येईल?

किल्लारीतही १९९२ पासून हादरे बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२चा भूकंप झाला तेव्हा माणसं घरात झोपलेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. आठ-दहा हजार माणसं गेली, ती मुख्यतः त्या भिंतींखाली आणि मातीखाली. कोयना खोऱ्यात तर १९६७च्या मोठ्या भूकंपानंतर आजवर हादरे थांबलेले नाहीत. तिथला माणूस शांत दिसतो, पण ती शांतता त्याने स्वतः कमावलेली आहे, ती दुसऱ्याला उसनी देता येत नाही.

याचा अर्थ "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का, सगळ्यांना कळवा" असे मेसेज पुढे ढकलायचे असाही नाही. तो तर शुद्ध चावटपणा. वेळ सांगितली असेल तर मेसेज खोटा आहे, विषय संपला.

मग घाबरलेल्या माणसाला सांगायचं काय? बहुतेक वेळा मोठा धक्का येत नाही, पण कधी कधी येतो, एवढं खरं सांगायचं. उशाशी चपला आणि बॅटरी ठेव, कारण अंधारात अनवाणी पाय फुटलेल्या काचांवरच पडतात. पलंगावर कोसळेल असं कपाट आजच भिंतीला पक्कं करून घे. पक्क्या इमारतीत असशील तर हलायला लागल्यावर जिन्याकडे पळू नकोस, भक्कम टेबलाखाली शीर आणि त्याचा पाय घट्ट धर. घर कच्चं असेल, भिंतीला तडे गेले असतील, तर जाणकाराने तपासेपर्यंत बाहेर झोप आणि कुणी हसलं तर हसू दे.

मी एवढं सगळं सांगते म्हणून आमच्या घरातल्या ग्रुपवर मला "भूकंपताई" म्हणतात. म्हणोत. कपाट मात्र आता सगळ्यांनीच भिंतीला ठोकून घेतलंय.