टायर बदलल्यावर गाडी बिघडली, या तक्रारीस वर्कशॉपच्या मालकाचे उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्याकडे चार नवे टायर बसवून अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतल्यानंतर आपली पोर्शे ७१८ केमन आधीपेक्षा वाईट चालू लागली, असे आपण अभिप्रायात लिहिले आहे. द्रुतगती मार्गावर डावीकडच्या लेनमध्ये येताना गाडीची मागची बाजू सुटल्यासारखी वाटते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावे लागते आणि वळणावर पूर्वीची चपळाई राहिलेली नाही, या आपल्या तीन तक्रारी आहेत. पुढचे टायर चांगले असताना आम्ही ते बदलायला लावले आणि पोर्शेने मान्य केलेल्या टायरवरील ‘एन’ खुणेच्या नावाखाली जास्त पैसे घेतले, असाही आपला आक्षेप आहे. शनिवारी आपण गाडी पुन्हा आणली, तेव्हा मी स्वतः मशीनसमोर उभा राहून मापे घेतली. त्यात जे आढळले ते येथे उघडपणे लिहीत आहे, कारण तक्रार उघडपणे झाली आहे आणि तिच्यातील मुख्य भाग खरा आहे.

पहिल्या दोन तक्रारींचे कारण एकच आहे आणि ती चूक आमची आहे. मागच्या प्रत्येक चाकाला थोडा टो-इन, म्हणजे चाकाचे तोंड आतल्या बाजूला किंचित वळलेले, असे आपल्या गाडीचे माप असते. पहिल्या दिवशीच्या छापील अहवालात मागची दोन्ही चाके प्रत्येकी ९ मिनिटे आत दाखवली आहेत (६० मिनिटांचा एक अंश होतो). शनिवारी डावे चाक त्याच मापावर होते, पण उजवे चाक ७ मिनिटे बाहेर वळलेले निघाले. हे माप ज्या एक्सेंट्रिक बोल्टने (फिरवला की चाकाचा कोन बदलतो अशा बोल्टने) बसवतात, त्याचा नट शेवटी पूर्ण ताकदीने आवळताना बोल्ट फिरला. आमच्या कारागिराने अहवाल नट आवळण्याआधी छापला होता आणि आवळल्यानंतर पुन्हा मोजले नाही. आपल्या हातात दिलेल्या कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे योग्य मर्यादेत, होते आणि गाडी मात्र त्या कागदाप्रमाणे नव्हती.

हा १६ मिनिटांचा फरक टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेवर मोजला तर जेमतेम ३ मिलिमीटर भरतो. एवढ्याने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे, पण स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकांवर एवढ्याने बरेच काही होते. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी उजवे मागचे चाक किंचित आत वळलेले असेल तर ते लगेच पकड घेते आणि मागची बाजू स्थिर राहते. तेच चाक बाहेर वळलेले असेल तर पकड तयार होण्याआधी मागची बाजू थोडी बाहेर सरकते आणि चालवणाऱ्याला गाडी पायाखालून निसटल्यासारखी वाटते. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो आणि ते चाक बरोबर होते, म्हणून तिकडे आपल्याला काही जाणवले नाही. ‘डावीकडच्या लेनमध्ये येताना’ असे आपण नेमके लिहिले होते आणि त्या एका शब्दामुळे मला मशीनवर गाडी चढवण्याआधीच कुठे पाहायचे ते कळले. स्टिअरिंगचेही तसेच आहे. मागची दोन्ही चाके मिळून उजव्या बाजूला पाहत होती, त्यामुळे गाडी सरळ नेण्यासाठी पुढची चाकेही तितकीच उजवीकडे ठेवावी लागत होती. स्टिअरिंगवर हा फरक सुमारे २ अंशांचा होता.

शनिवारी बोल्ट आवळल्यानंतर गाडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू दिले, मग मोजले, कारण लिफ्टवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचे माप खरे नसते. मागची चाके आधी आणि पुढची नंतर, या क्रमाने सर्व मापे पुन्हा बसवली, स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर नव्याने शून्यावर आणला आणि त्यानंतर छापलेला अहवाल आपल्याला दिला आहे. अलाइनमेंटचे घेतलेले पैसे त्याच दिवशी परत केले. ताशी १०० किलोमीटर वेगाला त्या अवस्थेत आपल्याला गाडी चालवावी लागली, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

चपळाई कमी झाल्याच्या तक्रारीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. गाडी प्रथम आली तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांचा मिळून टो १४ मिनिटे बाहेर होता. अशा अवस्थेत स्टिअरिंग जरा हलवले की गाडी तत्काळ वळते, आणि रोज चालवणाऱ्याला तीच तिची चपळाई वाटू लागते. प्रत्यक्षात ती सरळ रस्त्यावर सतत इकडेतिकडे भरकटत असते आणि टायर आतून खात असते. ते माप दुरुस्त केल्यावर स्टिअरिंग मध्यभागी शांत होते, म्हणून गाडी सुस्त झाल्याचा भास होतो. त्यात टायरही नवे आहेत. नव्या टायरच्या नक्षीची खोली सुमारे ८ मिलिमीटर असते. तिचे उंच ठोकळे वळणावर झिजलेल्या नक्षीपेक्षा जास्त लवतात, आणि साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंशही पृष्ठभागावर असतो. पहिले २००-३०० किलोमीटर म्हणूनच जपून चालवायचे असतात, विशेषतः ओल्या घाटात. हे आम्ही गाडी देताना सांगायला हवे होते; ते सांगितले गेले नाही, ही आमची चूक मला मान्य आहे.

पुढच्या टायरांबद्दल मी ठाम आहे. उभे राहून पाहिले तर ते चांगले दिसत होते, यात शंका नाही; बाहेरच्या कडेला आणि मध्ये नक्षी ४ मिलिमीटर शिल्लक होती. पण आतली कड, जी गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही, ती १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेखाली गेली होती. शिवाय टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण ३५१८ आहे, म्हणजे ते २०१८ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेले आहेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून जाताना पाणी बाहेर काढण्याचे काम पुढच्या टायरला आधी करावे लागते. असे टायर पुढे ठेवून फक्त मागे नवे बसवून देणे मला जमले नसते. आपल्या गाडीत पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २६५/४० आर १९ अशी वेगवेगळी मापे असल्यामुळे टायरांची पुढे-मागे अदलाबदल करण्याचा मार्गही नव्हता. आमचे चुकले ते इतकेच, की जुने टायर उतरवण्यापूर्वी आपल्याला आत बोलावून ती कड दाखवली नाही.

‘एन’ खुणेबाबत आपला आक्षेप अर्धा बरोबर आहे. पोर्शेने आपल्या गाड्यांसाठी तपासून मान्य केलेल्या टायरवर एन०, एन१ अशी खूण असते. माप आणि नाव तेच असले तरी खुणेच्या टायरची आतली बांधणी किंवा रबराचे मिश्रण वेगळे असू शकते, म्हणून पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे टायर मिसळले की पुढच्या-मागच्या पकडीचा तोल बदलतो. ज्या गाडीचे इंजिन मधोमध आहे, तिच्यात हा बदल चालवणाऱ्याला लवकर जाणवतो. मात्र खूण नसलेला टायर वाईटच असतो असे नाही. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि योग्य वेग व भार श्रेणीचे असतील, तर तो समंजस पर्याय ठरू शकतो. आपण चारही बदलत होता, तेव्हा दोन्ही पर्याय किमतींसह समोर ठेवणे आमचे काम होते, आणि ते झाले नाही. माझ्या स्वतःच्या अशा गाडीला मी खुणेचेच टायर घेतले असते, पण तो निर्णय आपला होता.

सोमवारपासून आमच्याकडे नट टॉर्क रेंचने (ठरावीक ताकदीने आवळणाऱ्या पान्याने) आवळल्यानंतर दुसरे माप घेतल्याशिवाय अहवाल छापला जात नाही. अभिप्राय बदलावा अशी विनंती मी करणार नाही. ५०० किलोमीटर झाल्यावर गाडी एकदा सकाळी लवकर आणा, म्हणजे टायर थंड असताना हवा पाहता येईल आणि मापेही पुन्हा तपासता येतील. त्याचे शुल्क नाही. आपले जुने पुढचे टायर मी टाकून न देता बाजूला ठेवले आहेत. त्या दिवशी त्यांच्या आतल्या कडेवर आपण स्वतः हात फिरवून पाहावा.

आपला,
वर्कशॉपचा मालक, वारजे, पुणे