बॅग कोणी भरली?

"बॅग तुम्हीच भरलीय ना?" विमानतळावरच्या या प्रश्नाला कोल्हापूरच्या माणसानं खरं उत्तर द्यायचं ठरवलं तर विमान चुकेल. आमच्याकडं बॅग एकटा माणूस भरतच नाही. कपडे मी भरते, डबे आई, आणि गाडी दारात आल्यावर चेन उघडून "एवढं राहू दे गं" म्हणत आत्या.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं बेंगळुरूला निघाले होते. हातातली बॅग एक्स-रेमधून गेली, पट्टा थांबला, बॅग मागं गेली, परत पुढं आली. तपासणीतल्या बाईंनी विचारलं, "यात काय आहे?" मी ठणकावून सांगितलं, "कपडे." त्यांनी बाहेर काढल्या तीन कॅरीबॅगा, एकात एक. त्यात वर्तमानपत्र, त्याला चार रबरबँड, आणि आत किलोभर गुळाची ढेप. मागोमाग कांदा-लसूण मसाल्याचा डबा, खोबऱ्याच्या वाट्या आणि अंबाबाईच्या ओटीचा नारळ. मागची रांग बघत होती. मी ढेपेकडं अनोळखी नजरेनं बघत होते.

"आमचं खायचं तेवढं बरं काढून घेतात" असल्या पोस्टी मला पटत नाहीत. एक्स-रेच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि अन्न, कापड, कागद नारिंगी. स्फोटकंही बहुतेक नारिंगीच. मग कपड्यांच्या मधोमध दाट नारिंगी गोळा दिसल्यावर त्या बाईंनी काय करायचं? आपल्या गुळाला जीआय, म्हणजे 'हा अस्सल इथलाच माल' असा सरकारी शिक्का, मिळालाय हे यंत्राला कुठं ठाऊक?

खोबऱ्याचं कारण तर मलाही नवीन होतं. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की साठा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, म्हणून विमानाच्या हिशेबात ते धोकादायक माल. हातातल्या बॅगेत नाही, काउंटरवर द्यायच्या चेक-इनच्या बॅगेतही नाही. मसाला चेक-इनला चालतो, हातात नाही. नारळ हातातल्या बॅगेत न्यायला तर २०२४ साली केरळातल्या शबरीमलाच्या भाविकांना ठरावीक मुदतीची खास सवलत द्यावी लागली होती, यावरनं काय ते समजा.

पॉवर बँकेचं नेमकं उलटं. आई ती "जड होतंय" म्हणून मोठ्या बॅगेत ढकलते, आणि ती हातातच लागते. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणाला तरी दिसेल, खाली सामानात कोण बघणार? १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) विमान कंपनीला विचारावं लागत नाही, नेहमीची २०,००० एमएएचची ७४ च्या आसपास भरते.

माझं म्हणणं एवढंच, की घरच्यांनी काय माया करायची ती चेक-इनच्या १५ किलोत करावी. हातातली बॅग आपली आपण भरायची, आणि भरली की तिच्यावरच बसून राहायचं. आत्या असेल तर नक्कीच.

नारळ मात्र कचऱ्यात टाकवेना. बाबा बाहेरच होते, विमान उडाल्याशिवाय ते पार्किंग सोडत नाहीत. विनवण्या करून दारापर्यंत जाऊ दिलं, नारळ आणि खोबरं त्यांच्या हवाली केलं. गूळ बिचारा माझ्याबरोबर आला.

रात्री आत्याचा फोन. "पुढच्या खेपेला खोबरं भाजून मसाल्यातच कुटून घालते. काढ म्हणावं वेगळं!"