वॉटसन हॉटेल आणि ‘टाटांचा अपमान’: एक खुलासा

मुंबईच्या काळा घोडा भागातल्या एस्प्लनेड मॅन्शनचा फोटो पुन्हा फिरतोय. सोबत जुनीच गोष्ट: इथल्या वॉटसन हॉटेलात जमशेटजी टाटांना दारातूनच परत पाठवलं, त्या रागातून त्यांनी ताज बांधलं. हॉटेल युरोपियनांसाठी होतं, हे खरं. पण अपमानाच्या या प्रसंगाला त्या काळातला लेखी आधार मिळत नाही. ताज उघडलं १९०३ साली. वॉटसन त्याच्या तीसेक वर्षं आधीचं. राग धरायचा तरी किती वर्षं!

‘पहिला भारतीय सिनेमा इथे दाखवला’ हेही चूक. ७ जुलै १८९६ ला इथे दाखवल्या त्या सिनेमाचे आद्य प्रवर्तक ल्यूमिएर बंधूंच्या फ्रेंच चित्रफिती.

इमारतीची खरी कहाणी जास्त रंगतदार आहे. मालक जॉन वॉटसन कापडाचे व्यापारी. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून, सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडला. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे पडले. वर भाडेकरूंची बिऱ्हाडं आणि, कोर्ट जवळ असल्याने, वकिलांची ऑफिसं, तळमजल्यावर दुकानं. २०१९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने धोकादायक ठरलेली ही इमारत रिकामी झाली.